शनिवारी उपाशी

पहिल्यांदा ते घडले तेव्हा आईने दाराबाहेरची चप्पल उचलून आणली आणि कुत्र्याच्या नाकाशी धरली.

मी स्वयंपाकघरातून धावत आले होते. कुणीतरी माठाची तिवई हलवते आहे असे मला वाटले होते, पण तिवईवर आपटत होती ती कुत्र्याची नखे. कुलरसमोर तो एका कुशीवर आडवा पडला होता आणि त्याचे चारही पाय जागच्या जागी धावत होते. जबडा कटकट वाजत होता. ओठांच्या कडेला साबणासारखा फेस आला होता. डोळे सताड उघडे होते, पण त्यांत आम्ही कुणी नव्हतो. वाळ्याच्या ओल्या पडद्याचा गार, मातकट वास खोलीत भरलेला होता. त्यात लघवीचा ऊन वास हळूहळू मिसळत गेला.

"हुंग, माह्या लेकरा, हुंग," आई म्हणत होती. चप्पल वडिलांची होती. ते गेल्यानंतरही तिने ती दाराशीच ठेवली होती. घरात पुरुषमाणूस आहे असे परक्याला वाटावे म्हणून. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या दोन खोल्यांत आता ती आणि हा तांबूस कुत्रा, एवढेच राहत होते; मी रविवारपुरती आलेली.

शेजारच्या खाला धावत आल्या. त्यांच्या घरी रजया भरण्याचे काम चालते. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि मुठीत बुक्कीने फोडलेला कांदा. "मिरगी हाय ताई, मिरगी. हे सुंगवा त्याले."

कांदा झाला, चप्पल झाली. धावणारे पाय थांबेनात. मग आईच्या मनात आले की तो जीभ गिळतो आहे. मी "आई, नको" म्हणेपर्यंत तिची बोटे त्याच्या दातांमध्ये गेली होती. तो चावला असे मी म्हणणार नाही. जबडा मिटायचा होता, तो मिटला. मध्ये बोट होते.

मग सारे एकदम सैल पडले. तो काही वेळ धापा टाकत राहिला, उठला, भिंतीवर जाऊन आपटला, कोपऱ्यात डोके खुपसून उभा राहिला. आईने हाक मारली तर आवाजाच्या उलट दिशेला वळला. ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, त्या घराचा दरवाजा त्याला सापडेना. आई पदरात बोट गुंडाळून त्याच्यामागे फिरत होती आणि म्हणत होती, "मी हाये ना रे. मी हाये."

संध्याकाळपर्यंत गल्लीने निकाल लावला होता: कुत्रं पिसायलं. तोंडाला फेस आला, मालकिणीला चावलं, आणखी काय पाहिजे? ओट्यावरून कुणी ओरडून सांगितले, "काकू, उद्या महापालिकेची गाडी बोलवा, नाई तं आमी बोलवतो." आईने दार लावून घेतले आणि आतून कडी घातली. ती कडी पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. हा कुत्रा तिच्याकडून नेला तर ती या घरात कशी राहील, हा प्रश्न त्या आवाजाबरोबर माझ्या मनात आला आणि पुढे कित्येक महिने तिथेच बसून राहिला.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी विचारले ते वेगळेच. "कुठे कपाशीत गेला होता का? फवारणीचा डबा चाटला का? घरात उंदराचं औषध?" तसे काही नव्हते. लसी सगळ्या वेळेवर दिलेल्या होत्या. तरीही काही दिवस त्याला बांधून ठेवा, नजर ठेवा आणि तुम्ही माणसांच्या दवाखान्यात जाऊन सुया घ्या, असे त्यांनी आईला सांगितले. मग माझ्याकडे वळून सावकाश, एकेक गोष्ट तोडून सांगितली. झोपेत कुत्रे पाय मारतात, तो स्वप्नाचा भाग. हाक मारली की जागे होतात. हाकेने जे थांबत नाही, ज्यात अंग ताठते, लघवी सुटते आणि नंतर काही काळ ओळख हरवते, ती फिट असू शकते. फिट आली की त्याला धरायचे नाही. तोंडाजवळ हात न्यायचा नाही, जीभ गिळली जात नाही. आसपासचे सामान सरकवायचे, दिवा मालवायचा, आवाज बंद करायचे, घड्याळ पाहायचे आणि जमले तर मोबाइलवर चित्रफीत काढायची. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर थांबायचे नाही, घेऊन यायचे.

"अन् कांदा?" आईने विचारले.

"कांदा भाजीत घाला. कुत्र्याच्या पोटात गेला तर विष आहे तो. चप्पल पायात घाला."

आई हसली नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ, आणि उठता उठता म्हणाले, "कडू असतात. भाकरीत घालून द्या, म्हणजे कळणार नाही."

हे शेवटचे वाक्य मी ऐकले आणि विसरले. आईने ते ऐकले आणि जपून ठेवले.

मी अमरावतीला राहते. शिकवण्याचे काम, घर, सारे तिकडे. अकोल्याला यायचे ते रविवारी. पावसाळाभर सगळे ठीक चालले. कुत्रा जरा जड झाला, त्याला फार भूक लागू लागली, गोळ्यांनी तसे होते असे डॉक्टर म्हणाले. पिसाळलेला कुत्रा इतके महिने जगत नाही, हे गल्लीलाही हळूहळू मान्य करावे लागले. आई सकाळी ज्वारीच्या गरम भाकरीचा तुकडा लोण्यात मळायची, त्यात गोळी लपवायची, आणि तो तळहातावरून उचलून घ्यायचा. त्याच्या जिभेचा ओला, खरखरीत आवाज मला आवडायचा.

नवरात्राच्या आसपास फिटा पुन्हा सुरू झाल्या.

आई चित्रफिती काढू लागली आणि दोन-चार साठल्या की एकदम पाठवू लागली. एका हाताने सामान सरकवत ती दुसऱ्या हाताने मोबाइल धरायची, म्हणून चित्रात आमची फरशी, तिवई, तिचा स्वतःचा पाय असे काहीबाही हलत राहायचे आणि मधूनच तो दिसायचा. मी त्या पाहू शकले नाही. त्याची ती ताठलेली मान एकदा पाहिली, मग मोबाइल पालथा ठेवला. नुसत्याच डॉक्टरांकडे पुढे धाडत राहिले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावले. आई बाहेर बाकावर, कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. "गोळी नियमित चालू आहे ना?" त्यांनी विचारले. "आई एकही चुकवत नाही," मी म्हणाले. अगदी खात्रीने म्हणाले.

"मग हे औषध त्याला पुरत नाही. दुसरं जोडावं लागेल. त्याआधी रक्त तपासू, यकृत पाहू." त्यांनी कागद बाजूला सरकवला. "आणि फिटा लांबत गेल्या, एकाला एक लागून यायला लागल्या, तर त्याच्या हालाचाही विचार करावा लागतो. आईंना आज सांगू नका. पण तुमच्या मनात असू द्या."

माझ्या मनात ते राहिले, आणि दुसरे काही राहिले नाही. बाहेर आल्यावर आईने विचारले, "काय म्हनला?" मी म्हणाले, "रक्त तपासायचं आहे." तिने कुत्र्याच्या कानामागे खाजवले आणि त्याला म्हणाली, "पाह्य बरं, तुह्या रगतात काय सापडते ते. माहीच भाकर सापडन."

डॉक्टरांना प्रत्येक फिट किती वेळ टिकली ते हवे होते. म्हणजे त्या चित्रफिती मला आता उघडाव्याच लागणार होत्या. अमरावतीच्या घराच्या मागच्या बाजूला बसून, भर दुपारी, मोबाइल मांडीवर पालथा ठेवून, डोळे मिटून मी त्या ऐकायला सुरुवात केली. नखे वाजायची थांबली की फिट संपली. एवढे मला कानांनी कळणार होते.

पहिलीत नखांचा आवाज होता, आईचे "नको रे, नको रे" होते, आणि दूर, गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी लांबवलेली हाक होती. दुसरीत नखे, आई, कुकरची शिट्टी, आणि तीच हाक, या वेळी जवळून. शेवटचे अक्षर वर नेऊन सोडून देण्याची तीच तऱ्हा, त्याच्याबरोबर पत्र्याच्या डब्याची तीच किणकिण. तिसरी लावली. माझे लक्ष नखांवरून उडाले होते. मी हाकेचीच वाट पाहत होते आणि ती आली: "शनिमाराजाऽऽ, तेल चढवाऽऽ."

दिवेलागणीच्या सुमाराला आमच्या गल्लीतून एक माणूस तेलाचा डबा घेऊन जातो. डब्यात शनीची लोखंडी मूर्ती असते, बायका पळीभर तेल तिच्यावर ओततात. तो रोज येत नाही. तो फक्त शनिवारी येतो.

चित्रफितींवर काढल्याच्या तारखा होत्याच. मी त्या पाहिल्याही होत्या. पण तारखेवर वार लिहिलेला नसतो, आणि मी तर फक्त रविवारी अकोल्याला जाणारी. शनिवारी त्या घरात काय होते ते मला माहीत नव्हते.

पुढच्या शनिवारी मी कॉलेजला न जाता सकाळच्या गाडीत बसले. बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणीच्या बायकांच्या ओट्या फुगलेल्या दिसत होत्या. मी पाहत होते, पण मनात काही उतरत नव्हते. घरी पोहोचले तेव्हा आधी लक्षात आला तो वास, किंवा त्याचा अभाव. आमच्या घरात त्या वेळी तव्यावरच्या ज्वारीचा करपट गोड वास असतो. त्या दिवशी तो नव्हता. होता तो तेलाचा, शेंदराचा, आणि रुईच्या पानांच्या चिकाचा. आई जमिनीवर बसून मारुतीसाठी रुईची माळ ओवत होती. कुत्रा तिच्या पायाशी पडला होता. माझ्याकडे पाहून त्याने शेपूट हलवले, पण उठला नाही.

"आज कशी आली वं? कालेज नाई का?"

"सुटी घेतली. भाकरी नाही टाकली?"

"शनवार ना आज. उपास हाये माहा."

"आणि त्याला काय दिलंस?"

आईने माळेची गाठ मारली. दोरा दातांनी तोडला. मग जणू मी स्वतःहून समजून घ्यायला हवे होते अशा सुरात म्हणाली, "त्याचाही हाये."

"त्याचा उपास?"

"मारुतीले बोलली मी. नवरात्रातच बोलली. याले पुरं बरं कर, आमी दोघंही शनवार धरतो. लय गुनाचं लेकरू हाये, दिवसभर काई मागत नाई. दिवा लावला की दोघं संगंच सोडतो."

"आणि सकाळची गोळी?"

"उपाशीपोटी गोळी देऊ नाई, पोटात आग पडते. तुह्या बाबाले नाई का झालतं तसं? अन् डॉक्टरच म्हनला ना, भाकरीत घालून द्या म्हनून. भाकर नाई तं गोळी कशात देऊ? संध्याकाळी देतो."

"आणि फिट आली तर?"

"मंग नाई देत. फिटीनं थकते थो, झोपून राह्यते. झोपल्या लेकराले उठवून कोन खाऊ घालते?"

मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात शिकवण होती आणि तिच्या देवाबद्दल एक वाक्य होते. आईचा चेहरा मिटला. ती म्हणाली, "मोठी आली शहानी. तू रविवारी येते, पाहुनी. मी रोज राहून राहिली याच्यासंगं. कांदा घेतला, चप्पल घेतली, तं तुमी म्हनता ते चुकलं. आता देवाले बोलली तं तेही चुकलं. मंग मी करू तरी काय?"

मी उठले, पीठ काढले, परात घेतली. "आज माह्या चुलीवर भाकर नाई होनार," आई म्हणाली. मी गॅस पेटवला. तिने येऊन तो बंद केला. आम्ही दोघी, दोन प्रौढ बायका, त्या लहानशा ओट्याशी एका बटणासाठी हात ढकलत होतो. आवाज ऐकून खाला दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, "अरे, उसको देखो."

कुत्रा उठून भिंतीशी गेला होता. कपाळ भिंतीला टेकवून तो ओठ चाटत होता, पुन्हा पुन्हा, काही चिकटल्यासारखा. मग त्याने आईकडे पाहिले. ती नजर मी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिली. त्याला कळत होते. निदान मला तसे वाटले.

तो कोसळला तेव्हा मी तिवई सरकवली, माठातले पाणी सांडले, आईने पडदा ओढला. खालांनी स्वतःच्या खांद्यावरची ओढणी घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली, तोंडापासून हात दूर ठेवून. मी घड्याळाकडे पाहत होते. काटा फिरत होता आणि नखे फरशीवर वाजत होती. एकदा थांबली. आई "झालं, झालं" म्हणाली. तो शुद्धीवर येण्याआधीच ती पुन्हा वाजू लागली.

"रिक्षा," मी म्हणाले, आणि खाला मुलाला हाक मारीत पळाल्या. अर्धी भरलेली रजई आणून तिची आम्ही झोळी केली. गल्लीतून त्याला नेताना माणसे भिंतीला चिकटून उभी राहिली. रिक्षात मी ओल्या फडक्याने त्याचे तळवे पुसत होते, कारण त्याचे अंग तापत होते. मोर्णा नदीच्या पुलावर गर्दीत रिक्षा अडकली. तेव्हा आईच्या हातात अजून ती रुईची माळ आहे हे मला दिसले. ती तिला खाली ठेवताही येत नव्हती, गळ्यात घालताही येत नव्हती.

दवाखान्यात सुईने ते थांबले. डॉक्टरांनी त्याला आत ठेवून घेतले, सलाईन लावले, आणि म्हणाले की शुद्धीवर कसा येतो ते पाहू. आम्ही तिघी बाहेर बाकावर बसलो. फिनेलचा वास होता. पलीकडे कुणाची तरी शेळी ओरडत होती.

खाला म्हणाल्या, "ताई, एक बोलू? बीमाराले रोजा माफ राह्यते आमच्यात. दवाई घ्यायची असन तर रोजा नाई. तुमचा मारुती का इतका कडक हाय?"

"माह्या मारुतीले काही म्हनू नका, खाला."

"मी कुठी काही म्हनते? मी त्याचीच बाजू घेऊन राहिली. त्यानं मांगितला का कुत्त्याचा उपास? तुमीच देऊन टाकला."

आईने माळेतले एक पान चुरगळले. पांढरा चीक तिच्या बोटाला लागला, त्याच बोटाला, जिथे दातांच्या खुणा होत्या. "त्याचा उपास मी धरला असता," ती हळू म्हणाली. "माह्या ध्यानातच नाई आलं."

डॉक्टर बाहेर आले. मी उठले. सांगायला तोंड उघडले, पण आईने माझा हात खाली ओढला आणि स्वतः उभी राहिली. पदर सावरून, शाळेत उभ्या केलेल्या मुलीसारखी, ती म्हणाली, "शनवारी सकाळची गोळी नव्हती देल्ली मी. नवरात्रापासून. एकही शनवार नाई."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्ही तर म्हणालात—"

"तिले माहीत नव्हतं," आई म्हणाली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. गोळी अशी मध्येच तुटली की फिट जास्त जोरात येते, हे त्यांनी सांगितले. दुसरे औषध आज लिहीत नाही, म्हणाले. आधी हेच रोज पोटात जाऊ द्या, उपाशी असला तरी, भाकरी नसली तरी, मग पाहू. जगेल का, असे आईने विचारले. "आज तरी जगला आहे," ते म्हणाले.

तो घरी आला तो पहिल्यासारखा आला नाही. डाव्या बाजूला उंबरठ्याला अडखळतो. कधी कधी आईकडे पाहतो आणि ती कोण ते आठवायला त्याला क्षणभर लागते. आई तो क्षण श्वास धरून उभी राहते. त्यानंतर एक फिट येऊन गेली, मंगळवारी, गोळी वेळेवर गेलेली असताना. लहान होती. पण मंगळवारचे कारण माझ्याकडे नाही, आणि डॉक्टरांचे ते एकांतातले वाक्य मी आईला अजून सांगितलेले नाही. तिला ते ठाऊक असावे असे मला वाटते.

बोललेला शब्द तिने मोडला नाही. त्याच्या वाटचा उपास तिने स्वतःकडे घेतला: शनिवार तिचा, आणि मंगळवार त्याच्या बदल्यात. शनिवारी ती स्वतः निराहार राहून एक भाकरी थापते, फक्त एक. मी अमरावतीहून सकाळी फोन करते, दिवेलागणीला पुन्हा करते.

"देल्ली का?" मी तिच्याच बोलीत विचारते.

"आईक," ती म्हणते, आणि मोबाइल खाली नेते.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग जिभेचा तो ओला, खरखरीत आवाज, भाकरीचा कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज. "गेली पोटात," आई दुरून सांगते. मी फोन ठेवत नाही. तीही ठेवत नाही. गल्लीच्या तोंडाशी तेलवाल्याची हाक उठते, जवळ येते, दारापुढून जाते. आम्ही दोघी तिच्यामागे फरशीवर नखे वाजत नाहीत ना, ते ऐकत राहतो, हाक पार पुलाकडे विरून जाईपर्यंत.